न बांधलेली दोरी

आपल्या घरात राहणाऱ्या मुक्या जिवाचे आपण किती देणे लागतो? प्रश्न तसा जुना आहे. धर्माने तो विचारला, कायद्याने विचारला, संतांनी आपल्या वागण्यातून त्याचे उत्तर दिले. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 'रहम' आणि 'इन्साफ' या दोन शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देताना आमचा हात कधी अडखळला नाही. पण हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहिले तर कोणाचे ऐकायचे, हे एका म्हाताऱ्या मांजरीने आम्हाला विचारले, तेव्हा उत्तर सुचेना. ते अजूनही पुरते सापडलेले नाही. जेवढे उमगले तेवढे वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमचे गाव वेळापूर, तालुका माळशिरस. अर्धनारीनटेश्वराच्या जुन्या मंदिरामुळे आणि आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो म्हणून गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०११ च्या आषाढात पालखी पुढे गेली, राहुट्या उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पाण्याच्या टाकीखाली एक मूठभर पिल्लू ओरडताना सापडले. राखाडी रंग, अंगावर पट्टे. अम्मीने बशीत दूध ठेवले. ते प्यायले आणि राहिले. आम्ही तिला आणले नाही, विकत घेतले नाही, गळ्यात पट्टा बांधला नाही. शेजारची मुले मांजरीला मनी म्हणतात, उर्दूतल्या मुलांच्या गोष्टींत ती मानो असते. आमची मानो झाली. ज्वारीच्या कणगीजवळचे उंदीर तिने संपवले. आम्ही वह्या तपासायला बसलो की तपासलेल्या गठ्ठ्यावर येऊन झोपायची. बारा वर्षे असा संसार चालला.

२०२३ च्या उन्हाळ्यात मानोची भूक वाढली. सकाळचे दूध संपवून ती पातेले चाटत बसू लागली. भाकरीचा तुकडा, खिम्याचे खरडलेले भांडे, बोंबलाचे डोके, काही म्हणजे काही सोडेना. पूर्वी दिवसभर झोपणारी मांजर घरभर फिरू लागली, कपाटावर चढू लागली. अब्बा हसून म्हणाले, "बुढापे में जवानी आयी है इसको." आम्हीही हसलो. पाहुण्यांना कौतुकाने सांगितले. आज ते आठवले की मान खाली जाते. जे दुखणे होते त्याला आम्ही तब्येत समजलो होतो.

पावसाळ्यापर्यंत पाठीचा कणा हाताला लागू लागला. किराणा दुकानातल्या काट्यावर तिला ठेवले तर पूर्वी सव्वाचार किलो भरणारी मांजर पावणेतीन किलो भरली. केस राठ झाले, खाल्लेले उलटून पडू लागले. रात्री दोन-तीनच्या सुमारास ती अंगणाच्या दाराशी उभी राहून असा सूर काढी की शेजारच्या घरातले दिवे लागत. अम्मी म्हणायची, "इत्ता खाती, फिर भी सूखती जाती." अम्मीने वैद्यकाचे एक पानही वाचलेले नाही, पण या आजाराची व्याख्या याहून थोडक्यात कोणी केली असेल असे वाटत नाही.

आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर म्हणजे गाई-म्हशी-शेळ्यांचे डॉक्टर. त्यांनी आपुलकीने पाहिले, जंताचे औषध दिले, आणि वजन हलेना तेव्हा स्वतःच म्हणाले, "रक्त तपासायला हवे. पुण्याला न्या." भाजीच्या दोन कॅरेट एकमेकांवर बांधून, आत जुनी ओढणी अंथरून, ओळखीच्या गाडीतून आम्ही मानोला अकलूज-इंदापूरमार्गे पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या गळ्यावरून दोन बोटे हलकेच फिरवली आणि म्हणाले, "इथे हात लावा." वाटाण्याएवढी गाठ होती. छातीला नळी लावून त्यांनी ठोके मोजले, मिनिटाला २६०. निरोगी मांजरीचेही ठोके माणसापेक्षा बरेच जास्त असतात, पण इतके नाहीत. रक्ताचा अहवाल आला आणि नाव कळले. थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत होती.

ही ग्रंथी गळ्यात, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना असते. शरीराची आग किती पेटती ठेवायची हे तिच्यातून पाझरणारे संप्रेरक ठरवते. आमच्या उसाच्या मुलखात हे समजायला सोपे आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडे टाकणारा थांबेचना, तर रस उतू जातो आणि शेवटी कढई करपते. मांजर खाते ते सगळे जळते, मग अंगावरचे मांस जळते, हृदय धावून धावून थकते. बाहेरून मात्र हे सारे उत्साहासारखे दिसते. मांजरांमधल्या या आजाराचे पहिले वर्णन १९७९ साली न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झाले. आज म्हाताऱ्या मांजरांच्या ग्रंथींच्या आजारांत तो सर्वांत जास्त आढळतो. गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. आमच्या खेड्यांत या आजाराचे नाव ऐकू येत नाही याचे कारण साधे आहे. तो म्हातारपणाचा आजार आहे आणि खेड्यातली मांजर सहसा म्हातारी होत नाही. कुत्र्याच्या तावडीतून आणि रस्त्यावरच्या चाकांतून वाचलीच, तरी तिचे रक्त तपासायला कोण नेणार?

उपाय चार. गाठ कापून काढणे, आयोडीन अगदी कमी असलेला खास आहार देणे, किरणोत्सारी आयोडीनचे इंजेक्शन देणे, किंवा गोळ्या. थायरॉइडच्या माणसांवर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये होतो. ही संस्था १९६३ पासूनची आहे. परदेशांत हाच उपचार मांजरांवरही करतात. एका इंजेक्शनात काम होते, पण अंगातून किरण बाहेर पडत असल्यामुळे मांजरीला काही दिवस सर्वांपासून वेगळे ठेवावे लागते. आमच्या आवाक्यात गोळी होती. गंमत अशी की ही गोळी माणसांचीच. कार्बिमाझोल. पोटात गेल्यावर तिचे मेथिमाझोल होते आणि ते संप्रेरकाची निर्मिती अडवते. गाठ तशीच राहते. म्हणून गोळी जन्मभर द्यायची, ठरल्या वेळेला, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. माणसाच्या चिठ्ठीवरचे प्रमाण मांजरीला कधीही लावायचे नाही. घरात गरोदर बाई असेल तर तिने या गोळीला हात लावायचा नाही. अधूनमधून रक्त तपासायचे, कारण गोळीने उलट्या होतात, तोंडाला खाज सुटते, क्वचित रक्तातल्या पेशीही घटतात.

येथून आमचा खरा प्रश्न सुरू झाला. पहिले काही दिवस खिम्याच्या गोळ्यात लपवलेली गोळी मानोने खाल्ली. मग तिला कळले. खिमा खाऊन गोळी ती फरशीवर टाकू लागली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तिला टॉवेलमध्ये गुंडाळायचे, एकाने धरायचे, दुसऱ्याने जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची आणि गळा चोळायचा. आमच्या मनगटांवर ओरखडे असत. वर्गातली मुले विचारत. ओरखड्यांचे काही नाही, पण गोळी देताना ती ज्या नजरेने पाहते ती सोसत नाही. आजारी मुलाला समजावता येते की हे तुझ्या भल्यासाठी आहे. मानोला कोण समजावणार? तिच्या लेखी दिवसातून दोनदा ज्यांच्या अंगावर ती झोपते तीच माणसे तिचा गळा दाबतात. बळजबरी ती बळजबरीच. मग याला रहम म्हणायचे की जुलूम? तासाभराने ती पुन्हा वह्यांच्या गठ्ठ्यावर येऊन झोपते. तिने आम्हाला माफ केले असे आम्ही म्हणणार नाही. मांजरीच्या मनातले आम्हाला काय कळते? एवढेच दिसते की आठ आठवड्यांत ठोके उतरले, रात्रीचा तो सूर थांबला आणि वजन सव्वातीनवर आले.

अब्बांचा आक्षेप वेगळा होता आणि तो जास्त खोल होता. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "दुनिया में आदमी के बच्चे बिना दवा के मरतेय, और तुम बिल्ली को लेको पूने जातेय." अब्बा निर्दय नाहीत. ताटातला पहिला घास मानोसाठी काढून ठेवणारे तेच. त्यांचे म्हणणे इन्साफचे होते. हक्काला क्रम असतो. आधी आईबाप, लेकरे, शेजारी, मग जनावर. आम्ही तेव्हा म्हटले, "अब्बा, रोजच्या गोळीला एका चहाइतकाही खर्च येत नाही." पण हे उत्तर नव्हते, हे आम्हालाही ठाऊक होते. पुण्याच्या फेरीचा आणि रक्ततपासणीचा खर्च चहाइतका नव्हता.

मांजरीचा विषय निघाला की आपल्या घरांत दोन-तीन गोष्टी हटकून निघतात. पैगंबरसाहेबांनी (स.) बाहीवर झोपलेल्या मांजरीची झोप मोडू नये म्हणून बाही कापली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हदीसच्या ग्रंथांत ती नाही. तशीच आख्यायिका सूफी शेख अहमद रिफाई यांच्याविषयी सांगितली जाते. पण ज्या गोष्टी खरोखर ग्रंथांत आहेत त्या अधिक विचार करायला लावणाऱ्या आहेत. हजरत अबू कतादा यांच्या वजूच्या पाण्याकडे मांजर आले, तर त्यांनी भांडे तिरके करून त्याला पिऊ दिले. सून कब्शा चकित होऊन पाहत राहिली, तेव्हा त्यांनी तिला पैगंबरसाहेबांचे (स.) सांगणे ऐकवले. मांजर अपवित्र नाही. ते तुमच्याभोवती फिरणाऱ्यांपैकी आहे. मालकीचा शब्द नाही, उपयोगाचाही नाही. भोवती फिरणे, एवढेच नाते.

दुसरी गोष्ट बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. एका बाईला मांजरीपायी शिक्षा झाली. तिने मांजर अडकवून ठेवले. त्याला खायला घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला सोडलेही नाही. आम्ही ही हदीस मुलांना क्रौर्याचे उदाहरण म्हणून शिकवत आलो. मानोच्या आजारात ती पुन्हा वाचली तेव्हा दोरीकडे लक्ष गेले. दोष नुसत्या उपासमारीचा नाही. दोरी बांधली की जबाबदारी सुरू होते, असा तिचा अर्थ आम्हाला लागला. मग आम्ही स्वतःची सुटका करून पाहिली. आम्ही तर मानोला कधी बांधलेच नाही. दार उघडे होते, ती आपणहून आली, आपणहून राहिली. आमच्यावर कसले ओझे? पण मन मानेना. ज्या दिवशी डॉक्टरांनी आमची बोटे त्या गाठीवर ठेवली, त्या दिवशी दोरी बांधली गेली. तिला काय झाले आहे हे तिला माहीत नव्हते, जगात कोणालाच माहीत नव्हते, फक्त आम्हाला माहीत होते. जाणणे हीसुद्धा एक दोरी आहे. न जाणणाऱ्याला माफी असेल; जाणून बसून राहणाऱ्याला कशी असेल?

इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम हे शाफिई पंथाचे मोठे विद्वान १२६२ साली कैरोत वारले. माणसावरचे जनावरांचे हक्क त्यांनी मोजून लिहिले आहेत. त्यांत एक असा आहे की जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याच्यावर खर्च करणे सुटत नाही. उर्दू वाचणाऱ्यांना 'इख्वानुस्सफा' ठाऊक असेल. मौलवी इकराम अली यांनी १८१० साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी त्याचा उर्दू तर्जुमा केला. त्यात जनावरे माणसाविरुद्ध जिन्नांच्या बादशहापुढे फिर्याद नेतात. मुद्दा मारझोडीपुरता नाही. माणूस स्वतःला आमचा धनी का समजतो, असा त्यांचा सवाल आहे.

आमच्या गावातून वारी जाते म्हणून आणखी एक गोष्ट इथल्या प्रत्येकाला माहीत असते. संत एकनाथांनी रामेश्वरासाठी नेलेले कावडीतले गंगेचे पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. आपल्याकडे तहानेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी पाजणाऱ्याची हदीस आहे, तिची ही सख्खी बहीण. एकनाथांबरोबरच्या कोणाला वाटले असेल की या पाण्यावर मोठा हक्क दुसऱ्याचा आहे, तर तो अब्बांचाच आक्षेप झाला. आणि कथेचे उत्तर असे की रामेश्वर दूर होता, गाढव समोर होते. समोर असेल त्याचा हक्क पहिला. हे उत्तर आम्हाला फार आवडले. अब्बांना ऐकवायचे ठरवले.

त्याच आठवड्यात आम्ही मानोच्या गोळ्या आणायला मेडिकलच्या दुकानात गेलो. पुढे आमच्या आठवीतल्या एका मुलाची दादी उभी होती. चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या. तिने दहा मागितल्या. दुकानदाराने विचारले, तर म्हणाली, "धडधड हुई तो खाती मैं. रोज कायको?" नाव ओळखीचे वाटले म्हणून आम्ही पाहिले. तीच गोळी होती. आमच्या हातातल्या गोळ्या पाहून तिने विचारले, "तुम्हारे घर में भी गले का है क्या किसको?" आम्हाला 'मांजरीला' असे म्हणवले नाही. आम्ही म्हणालो, "हां, एक जने को है." आणि भरभर घरी आलो.

त्या रात्री मानोला गोळी देताना हात थरथरत होता. तिचा नातू गेले दोन महिने वारंवार गैरहजर राहत होता. हजेरीत आम्ही लाल शाईने खूण करत होतो. दोनदा वर्गासमोर त्याला बोललोही होतो. का येत नाहीस, हे एकदाही नीट विचारले नव्हते. दादीची धडधड वाढली की घरात दुसरे कोणी नसे म्हणून तो थांबत होता. आईबाप ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात. समोर असेल त्याचा हक्क पहिला, हे आम्ही कथेतून शिकलो होतो, आणि रोज पहिल्या बाकावर समोर बसणारा मुलगा आम्हाला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. गोळी मनाला येईल तशी घेतली तर हृदयावर ताण येतो, हे पुण्याच्या डॉक्टरांनी मांजरीबद्दल सांगितलेले तिला माणसाच्या भाषेत सांगितले. तिला सरकारी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांकडून गोळ्या नीट लिहून आणल्या. आणि कालचे खोटेही कबूल केले. दादी आधी गप्प राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली, "बिल्ली को भी होताय?" आता भेटली की स्वतःच्या तब्येतीआधी मानोची विचारते. मुलगा रोज येतो असे नाही, पण येत नाही तेव्हा का, ते आम्हाला माहीत असते.

याचा अर्थ अब्बांना उत्तर मिळाले का? एका अंगाने मिळाले. रहम ही डब्यात मोजून ठेवलेली चिल्लर नाही की मांजरीला दिली तर माणसाला कमी पडावी. मानो आजारी नसती तर दादीच्या हातातली चिठ्ठी आमच्यासाठी नुसता कागद होता. पण हा हिशेब इथेच थांबवला पाहिजे. मानोमुळे दादी दिसली म्हणून मानोवरचा खर्च वाया गेला नाही, असे म्हटले तर मानोला पुन्हा उपयोगाच्या तराजूत टाकल्यासारखे होईल. दादी भेटली नसती तरी मानोचा हक्क तेवढाच होता. आणि मानो नसती तरी त्या मुलाला विचारणे आमचे कामच होते. दुसऱ्या अंगाने अब्बांचा आक्षेप उभाच आहे. पैसा आणि वेळ मोजकेच आहेत आणि गावात दादी एकच नाही. म्हणून आम्ही स्वतःला मर्यादा घातल्या. मानोसाठी कर्ज काढायचे नाही. घरातल्या किंवा दारातल्या माणसाचे औषध अडवून तिचे करायचे नाही. पण जे हातात आहे ते चुकवायचे नाही. ताकदीबाहेरचे ओझे अल्लाह कोणावर टाकत नाही, याचा आपण सुटका म्हणून फार वापर करतो. त्याची दुसरी बाजू अशी की ताकदीइतके उचलावेच लागते.

गेल्या तपासणीत एक नवीन गोष्ट कळली. मानोची मूत्रपिंडे थकली आहेत. डॉक्टरांनी समजावले की थायरॉइडच्या जोरामुळे मूत्रपिंडांतून रक्त वेगाने वाहत होते, त्यामुळे त्यांचा कमकुवतपणा झाकला गेला होता. गोळीने तो जोर ओसरला आणि खालचे दुखणे वर आले. म्हणजे एक आजार दुसऱ्या आजाराला पांघरूण घालून बसला होता आणि ते पांघरूण आम्ही ओढले. आता गोळी थोडी कमी केली आहे. फार कमी केली तर हृदय धावेल, जास्त दिली तर मूत्रपिंडे बसतील. या दोन कड्यांमधून तिला चालवायचे आहे, आणि किती दिवस, ते आमच्या हातात नाही. आम्ही बरोबर केले का, हा प्रश्न आम्ही स्वतःला रोज विचारतो. उपचार केलाच नसता तर कदाचित उत्साहासारख्या दिसणाऱ्या भुकेतच ती एक दिवस कोसळली असती आणि आम्ही म्हटले असते, शेवटपर्यंत धडधाकट होती. ते ऐकायला बरे वाटले असते. पण ते खोटे असते.

हे सगळे आम्ही घरी सांगितले तेव्हा वाटले, अब्बा आता म्हणतील, 'मैं बोलताच था.' ते तसे काही बोलले नाहीत. एवढेच विचारले, "पानी जास्ती पियेगी ना अब?" मूत्रपिंडांच्या आजारात तहान वाढते. मानोचे भांडे उंच काठाचे आहे, पाणी तळाला गेले की तिची मान पोचत नाही. परवा पहाटे फजरच्या आधी जाग आली तर मोरीत दिवा होता. वजूला बसलेले अब्बा एका हाताने भिंतीचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने ते भांडे तिच्याकडे तिरके करून धरून होते. ती सावकाश पीत होती. आम्ही काही बोललो नाही. तिचे पिऊन होईपर्यंत दाराशीच थांबलो.